घाटातली इंग्रजी आणि शाळेतली इंग्रजी

भुशीचे धरण आज ज्या कारणाने गाजते, त्या कारणासाठी ते बांधलेले नाही. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून धो धो वाहणाऱ्या पाण्यात बसण्यासाठी पुण्यामुंबईची माणसे लोटतात. परंतु एकोणिसाव्या शतकात इंद्रायणीचे हे पाणी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने अडविले ते इंजिनांची तहान भागविण्यासाठी. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात घाट गाडीसाठी खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढायचे, वाटेत २५ बोगदे, आणि कुठे कुठे दर ३७ फुटांस १ फूट असा चढ! १८६१ च्या सुमारास या कामावर ४० हजारांहून अधिक माणसे होती.

या माणसांत शाळा पाहिलेली किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तरीही रेल्वे आली आणि बायलर, बिरेक, गार्ड, शिंगल, टेसन हे शब्द निरक्षर माणसांच्या तोंडी जाऊन बसले. काही ठिकाणी लोकांनी आपलेच शब्द घडविले: सांधेवाला, आगवाला, आणि खुद्द आगगाडी. शब्द म्हणजे भाषा नव्हे, हे मला मान्य आहे. पण बायलर म्हणजे काय, हे त्या आगवाल्याला कोणी व्याख्या देऊन सांगितले नव्हते. वस्तू पुढे होती, तिचा चटका हाताला बसत होता आणि नाव आपोआप जिभेवर येत होते. विषयातून भाषा शिकण्याचा जो गाजावाजा आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आहे, त्याचे मूळ रूप मला इथे दिसते.

घाट फुटण्याच्या कितीतरी आधी मुंबईत हाच प्रश्न कागदावर आला होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा शिक्षणविषयक खलिता १८२३-२४ चा. त्याचा भर देशी भाषांतील शिक्षणावर आणि पुस्तकांवर होता. इंग्रजी शिकवावी ती ज्याला पश्चिमेकडील शोधांचे ज्ञान खोलवर हवे असेल त्याला. त्याच्याच कौन्सिलातला वॉर्डन मात्र इंग्रजीचा कैवारी. तेव्हापासून आजवर आपण या दोघांच्या भांडणाच्या आवृत्त्याच काढीत आलो आहोत, असे मला कधी कधी वाटते.

या काळातला मला सर्वांत मोठा वाटणारा शिक्षक म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला निघालेले त्यांचे ‘दर्पण’ आपण पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून ओळखतो. पण त्याच्या पानाची मांडणी आपण विसरतो. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी, आणि मजकूर तोच. वाचणाऱ्याने बातमी आपल्या भाषेत समजून घ्यावी आणि नजर जरा बाजूला नेऊन तीच इंग्रजीत पाहावी. व्याकरणाचे पुस्तक नाही, पाठांतर नाही. विषय कळलेला असल्यामुळे भाषा उलगडत जाते. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले, त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल हे विषय मराठीत आणले. स्वतः ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवीत होते. दोन्ही भाषांच्या उंबरठ्यावर उभा राहून शिकविणारा हा माणूस १८४६ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. अगदी त्याच सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठे रण माजले, आणि तिथे बोलायला बाळशास्त्री उरले नव्हते.

बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती. त्यांचे म्हणणे असे की पैसा थोडा आहे, तेव्हा थोड्यांनाच चांगले शिकवावे आणि तेही इंग्रजीतून. ज्ञान पुढे वरून खाली झिरपेल. विरुद्ध बाजूस कर्नल जॉर्ज जर्व्हिस हा इंजिनिअर. त्याने पूर्वी गणिताची पुस्तके मराठीत आणविली होती, त्यामुळे मराठीत शास्त्र मावत नाही असे त्याला कोणी सांगू शकत नव्हते. त्याच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे बोर्डातले तिघे एतद्देशीय सभासद उभे राहिले. नाना शंकरशेटांचे १ मे १८४७ चे टिपण मला फार महत्त्वाचे वाटते. ते इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षण रुजविण्यात त्यांचा हात मोठा होता. पण देशातल्या बहुजनांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल, एवढा साधा मुद्दा त्यांनी मांडला. १८४८ मध्ये सरकारने तोडगा काढला. प्राथमिक शिक्षण देशी भाषेत आणि वरचे इंग्रजीत, अशी वाटणी झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तीच वाट मळवली.

तोडगा वरवर पाहता शहाणपणाचा दिसतो. पण त्यात एक गोम होती. विज्ञान ‘वरच्या’ बाजूला गेले. म्हणजे झाडाची मुळे पाणी कशी ओढतात हे समजून घ्यायचे तर आधी इंग्रजी यायला हवी!

त्या पिढीतली काही मुले मात्र या वाटणीला पुरून उरली. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा स्थापन केल्या. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही त्या वर्तुळातली मंडळी. इंग्रजीत जे शिकायचे ते आपल्या भाषेत चारचौघांना सांगायचे, हा त्यांचा परिपाठ. विद्यापीठ १८५७ साली आले, पदव्यांना मोल आले, आणि हा उलटा प्रवास हळूहळू ओसरला. इंग्रजी व्याख्या घोकणारी पिढी तयार झाली. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात शाळा काढली ती देशी बाण्याची, पण नाव न्यू इंग्लिश स्कूल. आज महाराष्ट्राच्या खेडोपाडी त्या नावाच्या पाट्या आहेत आणि आत वर्ग चालतात ते बहुधा मराठीत. गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. आपल्या मनातली ओढ त्या पाटीवर लिहिलेली आहे.

मधल्या शंभर वर्षांचा पाल्हाळ नको. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने इंग्रजी वरच्या इयत्तांकडे ढकलली. १९५४ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांची दारे इतरांना बंद करणारा हुकूम काढला, आणि देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द ठरविला. लंबक दुसऱ्या टोकाला गेला तो २००० च्या जूनमध्ये: रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आली. आणि त्याच्या आगेमागे मराठी शाळांत ‘सेमी इंग्लिश’ रुजले. इतिहास, भूगोल मराठीत; गणित आणि विज्ञान इंग्रजीत. १८४८ ची वाटणीच ती, फक्त आता एका दप्तरात मावलेली.

हाच प्रयोग मलेशियाने २००३ मध्ये देशभर केला. गणित व विज्ञान इंग्रजीतून. २००९ मध्ये तो मागे घेण्याचे ठरले; खेड्यातली मुले शहरातल्या मुलांच्या मागे पडत होती आणि शिक्षकांनाच इंग्रजी पुरी येत नव्हती. उलट कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टला, १९६५ मध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकविले ते यशस्वी झाले. पण तिथे शिक्षक अस्खलित फ्रेंच बोलणारे होते, आणि मुलांच्या इंग्रजीला घरीदारी कसला धोका नव्हता. नाव एक, परिस्थिती दोन.

मी मावळात काही वर्षे आठवीनववीला विज्ञान शिकविले आहे, तेव्हा एक गोष्ट मराठीच्या अभिमान्यांनाही सांगितली पाहिजे. ‘फोटोसिंथेसिस’ मुलाला परका, तसाच ‘प्रकाशसंश्लेषण’ही परकाच. ठाकरवस्तीवरच्या मुलाला संस्कृत काही इंग्रजीपेक्षा जवळची नाही. आधी पान, ऊन आणि पाणी यांची गोष्ट त्याच्या बोलीत व्हावी लागते. मग नाव कुठलेही चालते.

‘डेन्सिटी’ची व्याख्या माझ्या वर्गाला तोंडपाठ होती. अर्थ विचारला की शांतता. हा इंद्रायणी तांदळाचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये काढलेले वाण. पेरणीआधी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट बी वर तरंगते, ते काढून टाकायचे, भरीव बी तळाशी बसते ते पेरायचे. हे निम्म्या वर्गाने घरी केलेले. आम्ही बादली आणली, मीठ आणले, बी आणले. साध्या पाण्यात बुडणारे काही बी मिठाच्या पाण्यात वर का येते, यावर मुले मराठीत अर्धा तास भांडली. मग मी फळ्यावर चार इंग्रजी शब्द लिहिले: सीड, फ्लोट, सिंक, हेवी. तास संपायच्या आत मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, गुड सीड सिंक, बॅड सीड फ्लोट.” क्रियापदाचा प्रत्यय गेला होता, पण वाक्य तिचे स्वतःचे होते, पुस्तकात ते कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मिठाचे प्रमाण वाढविले तर काय होईल, हे तिने आपणहून इंग्रजीत लिहून आणले, सहा ओळी.

सहामाहीला प्रश्न आला तो मात्र ‘डिफाइन डेन्सिटी’ असाच, दोन गुणांचा.