सोन्याचं घड्याळ, रंगवलेली डायल आणि आपली वही

समजा, जाफराबादमध्ये फील्डवर्क करताना एका घरात तुमच्यापुढे रुमालात गुंडाळलेलं सोनेरी मनगटी घड्याळ ठेवलं. काळी चकचकीत डायल, लाल सेकंदकाटा, खाली 'स्विस मेड'. "आमच्या आजोबांचं, निजामाच्या काळातलं," असं घरचे सांगतात. तुम्ही वहीत काय लिहाल?

डायल बघून काळ लिहू नका. घड्याळात सगळ्यात आधी नजरेत भरते ती डायल, आणि सगळ्यात सहज बदलली जाते तीही डायलच. स्वातंत्र्यानंतर घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना उभा राहिला तो थेट १९६१मध्ये. मूळ सुटे भाग मिळेनात, तेव्हा डागाळलेली डायल कारागिराकडून नव्याने रंगवून घेतली जाई. भडक रंगांच्या अशा घड्याळांना आजचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात. त्यांचं बरोबरच आहे, पैसे त्यांचे जातात! आपलं काम वेगळं. रंगवलेली डायल हा टंचाईचा आणि दुरुस्तीच्या कसबाचा पुरावा आहे; फक्त तो आजोबांच्या तरुणपणाचा नसेल.

मग मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून घ्या. (स्वतः चाकू लावू नका.) १८८० नंतरच्या स्विस १८ कॅरेट केसवर हेल्वेशियाच्या मुखाचा बारीक शिक्का असतो, १४ कॅरेटवर खारीचा. 'रोल्ड गोल्ड' किंवा मायक्रॉनचा आकडा दिसला, तर सोनं फक्त वरच्या थरात. झाकणाच्या आत घड्याळजींनी सुईने कोरलेल्या खुणा असतात, नशीब असेल तर तारीखही. भिंग घ्या, फोटो काढा.

आता तोंडी इतिहास. १९४८पर्यंत जाफराबाद हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारचा बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलाखाली. संस्थानाचं नाणं वेगळं आणि जकातखातंही वेगळं, त्याला करोडगिरी म्हणत. म्हणून "केवढ्याला घेतलं?" एवढंच विचारून थांबू नका. "हाली रुपये की कलदार?" हेही विचारा. उत्तर आलं, तर खरेदी संस्थानात झाली की बाहेर, याचा धागा हाती लागतो.

सगळ्यात अवघड मुद्दा न दिसणाऱ्या घड्याळांचा. स्टीलचं घड्याळ कपाटात पडून राहतं. सोन्याचं मोडता येतं. केस सराफाच्या तराजूत जाते, मशीन भंगारात. १९६३च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी घातली, आणि पुढे १९७२चा दुष्काळ आला. अशा वर्षांत घरातलं काय काय मोडलं, हे वेगळं विचारा. गावात दोनच सोन्याची घड्याळं सापडली म्हणून 'सोन्याची घड्याळं दुर्मीळ होती' असं लिहाल, तर मार्गदर्शक पहिल्याच वाचनात लाल रेघ ओढतील.

वहीत केस, मशीन, डायल आणि घरच्यांचं सांगणं अशा चार वेगळ्या नोंदी करा. चौघांचा काळ वेगवेगळा निघू शकतो. आणि घरच्यांनी "खरं सोनं आहे का?" विचारलं, तर भिंगातून शिक्का दाखवा. भाव मात्र सांगू नका, ते सराफाचं काम.