बृहत् द्विमान लेखांची साठवण व दोषनिवारण : एक ऐतिहासिक विचार

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील व्यवहाराची एक रीत इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी घेण्याजोगी आहे. व्यापारी कारागिराला चांदी तोलून देतो व तयार माल तोलूनच परत घेतो. कामात होणारी घट हिशेबात धरलेली असते. तिच्याहून अधिक तूट आली, तर दोष कोठेतरी घडला हे तत्काळ कळते. परंतु वजन जुळले एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. वजन तेच राहून चांदीत हिणकस धातू मिसळलेला असू शकतो. म्हणून टंचही पाहावा लागतो. परिमाणाची परीक्षा आणि गुणाची परीक्षा, असा हा दुहेरी विवेक आहे. संगणकावर मोठे लेख साठविताना होणारे दोष व त्यांचे निवारण ह्यांचा इतिहास पाहू जाता हाच विवेक तेथेही हळूहळू रूढ झाल्याचे आढळून येते.

लेख पूर्ण व अविकृत राहावा ही चिंता संगणकापूर्वीची आहे. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी मोर्तब करीत. 'मर्यादेयं विराजते' ही शिवकालीन मोर्तबाची अक्षरे लेखनाची सीमाच सांगतात. मोर्तब नसेल तर पत्र अपुरे समजावे, आणि त्यानंतर काही लिहिलेले असेल तर ते मागाहून घुसडलेले समजावे. लांब पत्रासाठी अनेक बंद एकास एक चिकटवीत आणि त्यांच्या सांध्यांवर पाठीमागून शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद काढणे वा बदलणे कठीण होई. तात्पर्य, मजकुराबरोबर त्याची साक्षही कागदावरच ठेवलेली असे.

यंत्रांच्या बाबतीत ह्याच विचाराला गणिती रूप रिचर्ड हॅमिंग यांनी दिले. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील गणनयंत्र सुटीच्या दिवशी दोष आढळताच त्यांचे काम अर्धवट सोडून देई. यंत्राला दोष कळतो, तर तो दुरुस्त का करता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९५० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार द्विमान अंकांसोबत तीन साक्षी अंक ठेवले की सातांपैकी कोणताही एक चुकलेला अंक ओळखून सुधारता येतो.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची कल्पना पुढे आणली. ही कोष्टके नाव, तारीख, रक्कम अशा आटोपशीर नोंदींसाठी होती. छायाचित्र वा ध्वनिमुद्रण ह्यांसारखा लाखो अंकांचा सलग पुंज त्यांत कसा बसवावा, हा प्रश्न पुढे उभा राहिला. अशा पुंजाला 'ब्लॉब' हे नाव जिम स्टार्की यांनी दिले आणि १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकात त्याला अधिकृत स्थान मिळाले.

येथे घडणारे दोष मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला तुटीचा. मायएसक्यूएल ह्या प्रणालीत 'ब्लॉब' स्तंभाची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. कडक पद्धत लागू नसेल, तर त्याहून मोठा लेख केवळ इशारा देऊन छाटला जातो व उरलेला भाग साठविला जातो. चित्राचा वरचा भाग दिसतो, खालचा नाहीसा होतो. २०१५ च्या ५.७ ह्या आवृत्तीपासून कडक पद्धत मुळातच लागू असते आणि असा लेख नाकारला जातो. दुसरा दोष विकृतीचा. द्विमान पुंज अक्षरांच्या स्तंभात घातला की प्रणाली त्याला मजकूर समजून त्याचे लिप्यंतर करू पाहते व मूळ अंक पालटतात. तिसरा दोष वाहतुकीचा. एका वेळी ठरावीक मापाहून मोठा संदेश स्वीकारला जात नाही व जोडणी तुटते.

ह्यांपैकी नकार हा सर्वांत निरुपद्रवी होय. त्याने मूळ लेखाची हानी होत नाही. खरी भीती मूक दोषाची आहे. उपायही त्याच क्रमाने करावे लागतात. योग्य मापाचा द्विमान स्तंभ निवडणे व कडक पद्धत न शिथिलविणे हा पहिला. लेख फार मोठा असल्यास त्याचे क्रमांकित तुकडे करणे हा दुसरा. २००१ पासून पोस्टग्रेस प्रणाली मोठ्या मूल्यांचे सुमारे दोन हजार बाइटचे तुकडे करून प्रत्येकास अनुक्रम देते. हे बंदांच्या सांध्यांवरील शिक्क्यांचे स्मरण करून देणारे आहे. सर्व तुकडे पोचले तरच नोंद कायम व्हावी, अन्यथा एकही राहू नये, हा तिसरा. शेवटी साठविलेला लेख परत वाचून मूळाशी ताडणे आवश्यक आहे. केवळ लांबी जुळणे म्हणजे वजन जुळणे होय. टंच पाहावयाचा तर एसएचए-२५६ सारख्या गणिताने दोहोंचा सारांशांक काढून जुळवावा लागतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने हा तपशील तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होऊ नये. मोडी कागदांच्या प्रतिमा आज संगणकांत साठविल्या जात आहेत. नकलनविसाची चूक संदर्भावरून सुधारता येते. छाटलेल्या प्रतिमेतील गेलेल्या ओळी मात्र कोणत्याही तर्काने परत येत नाहीत. सारांशांकही दोष दाखवितो, तो सुधारीत नाही. सुधारणेस अस्सल, निदान दुसरी निर्दोष प्रत लागते. म्हणून पडताळा पुरा होण्यापूर्वी अस्सल कागद दृष्टीआड करणे म्हणजे माल तोलण्याआधीच हिशेब मिटविणे होय. हुपरीचा कोणताही सावध व्यापारी तसे करणार नाही.