बरगे आणि टाळ

पाणी देवाचे असे आपण म्हणतो. मोटार मात्र ज्याची त्याची असते.

राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. १९१८ पर्यंत भिंत चाळीस फुटांवर आली आणि काम थांबले. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आपल्या नद्यांवर कोल्हापुरी बंधारे आले. पावसाळा सरला की त्यांत बरगे घालून पाणी अडवायचे, पुराआधी ते काढायचे. पण वरच्या गावाने उसासाठी रात्रंदिवस उपसा केला, तर खालच्या गावाचा घसा कोरडा. म्हणून टंचाईत पाटबंधारे खाते उपसाबंदी लावते, आणि माळ घातलेले आपणही कुरकुरतो.

नामधारकाला बंधन कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने माउलींचा पालखी सोहळा पाहावा. हैबतबाबांनी त्याला शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरलेले. समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की सारे टाळ थांबतात. जिची तक्रार असेल, त्या दिंडीचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मग आरती.

माळ घातली म्हणून 'मी' लगेच जात नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी दंडही ठेवला आणि ऐकणारा कानही. नदीलाही दोन्ही हवेत. नियम करणाऱ्याने शेवटच्या गावाचा टाळ ऐकावा. आणि आपल्यावर मोटार बंद ठेवण्याची पाळी आली, तर तोही एकादशीसारखाच नेम समजून पाळावा.

रामकृष्णहरी.