मातृपोषणविषयक संशोधन, महाराष्ट्रातील

गर्भवती स्त्रीचा आहार व श्रम यांचा गर्भाच्या वाढीवर होणारा परिणाम हा या संशोधनाचा विषय होय. त्याचे पहिले महत्त्वाचे पर्व मुंबईत घडले. ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) या ब्रिटिश रक्तविज्ञ १९२८ मध्ये भारतात आल्या आणि हाफकिन संस्थेत गर्भवतींमधील तीव्र पांडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास करू लागल्या. रुग्णांत कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. या रोगात रक्तातील तांबड्या कोशिका आकाराने मोठ्या होत व अनेकदा मृत्यू ओढवे. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहारातील उणिवांकडे लक्ष वेधले. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रुग्ण झपाट्याने सुधारतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील हा ‘विल्स घटक’ म्हणजे फॉलिक अम्ल, हे पुढे स्पष्ट झाले. पालकाच्या पानांपासून ते १९४१ मध्ये वेगळे करण्यात आले.

दुसरे पर्व पुण्याचे. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व साउथॅम्प्टन येथील कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत पाहणी सुरू केली. तेथील अर्भकांचे वजन सरासरी २·७ किग्रॅ., तर साउथॅम्प्टनच्या अर्भकांचे ३·५ किग्रॅ. भरले. मात्र या कृश अर्भकांत स्नायूंच्या मानाने वसा अधिक होती. पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची मुले जन्मतः मोठी, तर शेतकाम व पाणी वाहणे यांसारखे कष्ट अधिक पडणाऱ्यांची लहान होती. जवळजवळ दोन-तृतीयांश मातांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फॉलेटची न्यूनता केवळ एकीत होती. ज्या मातांत ब१२ कमी व फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीनला होणारा रोध सर्वाधिक होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत ज्याच्या अभावी स्त्रिया दगावत होत्या, ते फॉलेट एकटे पुरेसे नाही, असा याचा अर्थ घेता येतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीच पालेभाज्या, फळे व दूध यांचा रोजचा अल्पाहार देऊन पाहण्यात आला. २०१४ मधील निष्कर्षानुसार एकूण गटात जन्मवजन लक्षणीय वाढले नाही. निदान तीन महिने आधी तो सुरू केलेल्या स्त्रियांच्या अर्भकांत सु. ४८ ग्रॅ. वाढ दिसली, पण अतिकृश मातांच्या अर्भकांना तिचा लाभ झाला नाही.