राजा नसलेल्या मुलखाचे मल्ल : खानदेश आणि महाराष्ट्र केसरी

महाराष्ट्रातील कुस्तीचा इतिहास बहुधा कोल्हापुरात सुरू होतो आणि पुण्यात संपतो. तापी-गिरणेच्या काठचे आखाडे त्यात आलेच, तर इतरांना मल्ल पुरवणारा मुलूख म्हणून. खानदेशच्या वाट्याला ही भूमिका का आली, याचे उत्तर लाल मातीत नाही. ते खुराकाच्या हिशेबात आहे.

मल्ल घडवणे ही खर्चाची गोष्ट. दूध, तूप, बदाम हे तर वर्षानुवर्षे लागतातच. शिवाय घरचा एक तरणा हात तेवढा काळ शेतातून वजा होतो, आणि तो खर्च सहसा कोणी मोजत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हा भार दरबाराच्या अंगावर घेतला. तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभारले. १९२२ मध्ये महाराज गेले, १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. पण तोवर वस्ताद, तालमी आणि डावाची पारख असलेला प्रेक्षक यांची वीण इतकी घट्ट झाली होती की ती दरबारावाचूनही टिकली.

खानदेश मात्र १८१८ पासून थेट इंग्रजी अमलाखाली. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. आजचे जळगाव, आणि धुळे-नंदुरबार. कलेक्टर आला, रेल्वे आली, कापसाच्या गिरण्या आल्या. मल्ल पोसणारा राजा तेवढा नव्हता. इथली कुस्ती यात्रेच्या फडावर जगली. गावाने वर्गणी काढायची, नारळाच्या कुस्त्यांनी सुरुवात करायची, दिवस कलताना मोठ्या इनामाची काटा कुस्ती लावायची. मात्र यात्रा इनाम देते ते एका दिवसाचे. वर्षाचा खुराक तिच्या आवाक्याबाहेरचा. मग ज्याच्या अंगात रग आणि घरात थोडी ऐपत, तो पट्ठा कोल्हापूर-पुण्याची वाट धरी.

याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये एक खेळ दुभंगला. उत्तरेतील गिरणी आणि खाण कामगारांचा रग्बीच्या सामन्यापायी बुडालेला रोज भरून द्यायला तिथली मध्यवर्ती संघटना तयार नव्हती. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या बैठकीत उत्तरेचे क्लब फुटून निघाले आणि पुढे रग्बी लीग उभी राहिली. खेळाडूची भाकर हा तिथे क्लबचा विषय झाला. आपल्याकडे यात्रा कमिटीचा असा क्लब कधी झाला नाही.

मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी यजमानपद धुळ्याकडे आले, १९६६ मध्ये जळगावकडे, १९७७ मध्ये चाळीसगावकडे. मैदान देण्यात खानदेश मागे नव्हता! जळगावात जिंकले ते दीनानाथ सिंह. उत्तरेतून आलेले, कोल्हापुरात घडलेले. राजाश्रयाची पुण्याई अशी परप्रांतीयालाही पावली.

२०१४, २०१५ आणि २०१६ अशी ओळीने तीन वर्षे ही गदा जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरी यांनी पटकावली. त्यांचे गाव सायगाव, चाळीसगाव तालुक्यातले. त्यांची घडण मात्र पुण्यात, हिंदकेसरी रोहित पटेल यांच्या हाताखाली झाली. पुढे ते राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाले.