पोटाची चित्रे आणि मनातले चित्र

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींचा व्यक्तिचित्रांशी पहिला परिचय होतो तो बहुधा कचेरीच्या सभागृहात. पूर्वाधिकाऱ्यांच्या तसबिरी तेथे ओळीने टांगलेल्या असतात. कोट दिसतो, पदक दिसते, भरघोस मिशी दिसते. माणूस मात्र दिसत नाही. मग मनात येते की, जो पोटासाठी दुसऱ्यांचे चेहरे रंगवतो, त्याचे स्वतःचे असे काही कलाविषयक तत्त्वज्ञान असू शकते काय? या प्रश्नाचा विचार करताना अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स याचे चरित्र आम्हांस फार उद्बोधक वाटते.

रेनॉल्ड्सचा जन्म १७२३ साली डेव्हन परगण्यातील प्लिम्प्टन या गावी झाला. वडील शाळामास्तर. लंडनमध्ये थॉमस हडसन याच्या हाताखाली उमेदवारी करून तो पुढे इटलीस गेला. व्हॅटिकनमधील राफाएलची भित्तिचित्रे प्रथम पाहिली तेव्हा त्याची चक्क निराशा झाली. पण त्याने दोष राफाएलला दिला नाही. स्वतःच्या अजाणपणाला दिला, आणि तीच चित्रे पुनःपुन्हा पाहिली. अभिरुची ही जन्मतः मिळत नाही, ती सायासाने कमवावी लागते, हा त्याचा पहिला सिद्धांत येथेच तयार झाला. रोमनेच त्याला आणखी एक गोष्ट दिली: थंडी बाधून आलेले बहिरेपण. पुढे जन्मभर त्याच्या कानाशी कर्णा राहिला.

१७५२ मध्ये तो मायदेशी परतला आणि थोड्याच वर्षांत लंडनचा सर्वांत मागणी असलेला व्यक्तिचित्रकार झाला. १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडे आले. १७६९ ते १७९० या काळात त्याने तेथे पंधरा व्याख्याने दिली. त्यांत त्याने आपले कलाविषयक तत्त्वज्ञान मांडले आहे.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चित्रकाराने निसर्गाची नक्कल करू नये. व्यक्तीतील आगंतुक ते गाळून टिकाऊ ते शोधावे. चेहऱ्याचे साम्यदेखील नाक, डोळे तंतोतंत काढण्यात नसून त्या माणसाचा एकंदर आविर्भाव पकडण्यात असते. प्रतिभा आकाशातून पडत नाही. थोरांच्या कृतींचा साठा ज्याच्या मनात आहे, त्यालाच नवे सुचते.

येथे एक पेच आहे. त्या काळी पुराणे व इतिहास यांतील प्रसंगांचे चित्रण श्रेष्ठ आणि व्यक्तिचित्रण दुय्यम मानले जाई. रेनॉल्ड्स स्वतः विद्यार्थ्यांना हेच शिकवी, आणि व्याख्यान संपवून घरी जाऊन पुन्हा गिऱ्हाइकांचे चेहरे रंगवी! हा दांभिकपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. शिखरावर त्याला राहता आले नाही, पण तिथला वारा त्याने आपल्या रोजच्या कामात खेळवला.

लॉर्ड हीथफील्डचे १७८७ मधील चित्र पाहावे. जिब्राल्टरचा हा गव्हर्नर. १७७९ ते १७८३ पर्यंतचा वेढा त्याने झुंजून परतवला. रेनॉल्ड्सने त्याच्या हाती किल्ल्याची भलीमोठी किल्ली दिली आणि तिची साखळी हाताभोवती गुंडाळली. मागे धूर, तोफ आणि काळवंडलेले आकाश. वेढ्याची हकीगत सांगायला दुसरे काही लागतच नाही. सारा करारीपणा त्या मुठीत आहे. अधिकारी रंगवावा तो असा! पद नव्हे, पदाचा भार दिसला पाहिजे.

या तत्त्वज्ञानाला उणी बाजूही आहे. थोर चित्रकारांच्या रंगांचे रहस्य शोधण्याच्या नादात रेनॉल्ड्सने टिकाऊपणाची पर्वा केली नाही. त्याच्या हयातीतच कित्येक चेहऱ्यांची लाली उडाली. शिवाय आगंतुक गाळता गाळता माणूसच गळण्याचा धोका असतो. १७९१ मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने पुण्यास सवाई माधवराव व नाना फडणीस यांना रंगवले. वेल्स हा काही रेनॉल्ड्सच्या तोलाचा नव्हे. तरी पेशव्यांची पगडी आणि अंगावरचे दागिने त्याने गाळले असते, तर आज आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

आपल्या मताची मर्यादा रेनॉल्ड्सलाही उमगली असावी. त्याचा प्रतिस्पर्धी गेन्सबरो १७८८ मध्ये वारला. त्याच वर्षीचे व्याख्यान रेनॉल्ड्सने त्याच्यावरच दिले. जवळून नुसते ओरखडे वाटणारे त्याचे फटकारे दूर जाताच रूप घेतात; उरलेले साम्य पाहणाऱ्याची कल्पना पुरे करते, असे त्याने मोकळेपणी मान्य केले. आपल्या पद्धतीहून निराळी पद्धत अशी गौरवायला मन मोठे लागते.

१७८९ मध्ये त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि कुंचला खाली ठेवावा लागला. पुढच्या वर्षीच्या अखेरच्या व्याख्यानात त्याने सांगितले की, आयुष्य पुन्हा आरंभी सुरू करता आले, तर आपण मायकेलँजेलोच्याच वाटेने जाऊ. व्याख्यानाचा शेवटचा शब्दही तेच नाव होता. १७९२ मध्ये तो निवर्तला.

आम्हां नोकरदारांच्या आयुष्यातही हुकमाचे काम आणि मनातले काम यांची अशीच ओढाताण चाललेली असते. मनातले पुष्कळदा मनातच राहते. पण ते तेथे जिवंत असेल, तर टेबलावरच्या कागदालाही त्याचा स्पर्श झाल्यावाचून राहत नाही, एवढा दिलासा हा बहिरा चित्रकार आपणांस देऊन गेला आहे.