बाइकमधून वेगळाच आवाज येतोय? बिघाड असा ओळखा

नांदेड-लातूर भागात पाणंद रस्त्यावरून बाइक नेली की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चेनला आणि चाकांना चिकटतो, उन्हाळ्यात धूळ बसते. त्यामुळे डर्ट बाइक असो की रोजची गाडी, आवाज लवकर बदलतो.

आधी हे तपासा

उभ्या गाडीत न्यूट्रलवर हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवा. आवाजही वाढला, तर कारण बहुधा इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये असतं. गाडी चालतानाच आवाज येत असेल, तर चाक, चेन आणि ब्रेक पाहा.

आवाज आणि कारण

- खळखळ: चेन सैल किंवा कोरडी. चिखल काढून चेनला ऑइल द्या, ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा.
- वेगाबरोबर वाढणारी घरघर: चाकाचं बेअरिंग. चाक आडवं हलवल्यावर ढिलं लागलं, तर बेअरिंग तपासून घ्या.
- ब्रेक दाबल्यावर करकर: पॅड किंवा लायनर झिजले. उशीर केल्यास डिस्क किंवा ड्रमही खराब होतो.
- खड्ड्यात हँडलजवळ 'टक': कोनसेट सैल.
- इंजिनाची बारीक टिकटिक: टॅपेट सेटिंग तपासा.
- इंजिनातून जड ठकठक: गाडी लगेच बंद करा, ऑइलची पातळी पाहा. ऑइल नसताना गाडी दामटली तर इंजिन जाम होऊन मागचं चाक लॉक होऊ शकतं. ऑइल टाकूनही ठकठक राहिली, तर गाडी टेम्पोतूनच गॅरेजला न्या.

गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत आवाज अनेकदा थांबतो. म्हणून तो मोबाइलवर रेकॉर्ड करा. गाडी थंड होती की गरम, वेग किती होता, हेही मेकॅनिकला सांगा.